डावखुऱ्या जसुलीचा कुटला

मित्रांनो, गोठ्याच्या दाराआड खुंटीला टांगलेला, पाते झिजून निम्मे उरलेला आणि दांडा घामाने काळा पडलेला हा जो लोखंडाचा तुकडा दिसतो ना, तो मी. मी एक जुना कुटला आहे. हिमालयातल्या कुमाऊँच्या डोंगरात शेते पायऱ्यापायऱ्यांची असतात. तिथे बैलांना वळायला जागा नसते. मग कडा, कोपरे आणि भाजीचे वाफे आम्हा कुटल्यांच्या वाट्याला येतात. मला तुमच्या खुरप्याचा थोरला भाऊ समजा. माझे तोंड कुदळीसारखे खाली वळलेले आहे, पण मी एका हाताने चालवता येईल इतका हलका आहे.

माझे लोखंड आधी एका ट्रकच्या कमानपाट्यात, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीत, होते. घाटात तो पाटा तुटला आणि रस्त्याच्या कडेला पडून राहिला. अनीराम लोहाराने तो उचलला, तापवला, कापला आणि माझ्यासारखे तिघे-चौघे घडवायला घेतले. मी ऐरणीवर लाल होऊन पडलो होतो, तेव्हा एक माणूस आपल्या मुलीला घेऊन भट्टीपाशी आला.

"लग्नात द्यायचाय हिला. नीट कर, अनीदा," तो म्हणाला.

अनीरामने एक तयार कुटला मुलीच्या हातात दिला आणि चालवून दाखव म्हणाला. तिने तो डाव्या हातात धरला आणि अंगणात दोन घाव घातले. पाते तिरके गेले.

"उजव्या हाताला काय झालं गं, चेली?" अनीरामने विचारले. तिकडे मुलीला चेली म्हणतात.

"काही नाही. तो जेवायच्या कामाचा आहे."

बापाचा चेहरा पडला. "लहानपणी पुष्कळ सांगून पाहिलं," तो पुटपुटला. पण अनीराम इतका हसला की त्याच्या हातातून भाता सुटला. "सांगायचं कशाला? हात तिचा, कुटला तिचा. थांब, वाकवतो तुझ्या बाजूनं." आणि त्याने मला पुन्हा निखाऱ्यांत घातले व माझे पाते थोडेसे उलट्या अंगाला वळवले.

अशा रीतीने मी जसुलीचा झालो. तिच्या हातात मी लोण्यातून फिरावे तसा फिरे. दुसऱ्या कोणाच्या हातात गेलो की वाकडा चालत असे.

लग्नानंतर आम्ही रिठागैर गावी आलो. जसुलीचा नवरा कुंदन फौजेत होता. तो सुट्टीला यायचा आणि सुट्टी संपली की जायचा. घरात सासरे पदमसिंह होते, त्यांना सुना सौरज्यू म्हणत. थोरला दीर दीवानसिंह होता आणि त्याची बायको गोपुली. घराचा सगळा कारभार गोपुलीच्या मुठीत होता. तिची जीभ मिरचीसारखी होती. पहिल्याच दिवशी तिने मला उचलून वाफ्यात चालवून पाहिले. मी तिरका गेलो आणि तिच्या अंगठ्याला लागलो.

"हा पण हिच्यासारखाच उलटा!" तिने मला फेकून दिले. "बाई उलटी, हत्यार उलटं. आता या घरात चूल तेवढी सरळ राहिली म्हणजे मिळवली."

जसुलीने मला पुसून कमरेच्या पट्ट्यात खोचले.

खालची चांगली, ओढ्याकाठची शेते गोपुलीकडे होती. जसुलीला 'वरली पायरी' मिळाली. ही जंगलाला लागून असलेली सर्वांत वरची पायरी होती. तिथे मातीपेक्षा दगड जास्त होते आणि साळिंदरे मुळ्या उकरून खात. पहिल्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी मिळून दगड काढले आणि त्याच दगडांची ढासळलेली कड पुन्हा रचली. मित्रांनो, त्या काळात जसुलीच्या तळहातावर फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. शेवटी तिथली कातडी माझ्या दांड्यासारखीच टणक झाली. तिला मी एकदाही कुरकुरताना ऐकले नाही. ती काम करताना माझ्याशी बोलायची. "चल, एवढा एक दगड," म्हणायची, आणि तो निघाला की पुन्हा, "एवढा एकच."

घरी भूरी नावाची म्हैस होती. तिचे शेण गोठ्यामागच्या ढिगातून पाटीत भरून, डोक्यावर घेऊन जसुली रोज सकाळी वरल्या पायरीवर नेत असे. शेण इतके कच्चे असे की थंडीत त्यातून वाफा निघत. शेत म्हणजे भुकेलेले लेकरू, जितके घालू तितके थोडे, असे तिला वाटायचे. सुरुवातीला तसे झालेही. बटाटे, मिरच्या, घेवडा आणि गडेरी, म्हणजे आपल्या अळूचे कंद, सगळे भरभरून आले. एकदा तर मुळा एवढा मोठा निघाला की सौरज्यूंनी तो बंदुकीसारखा खांद्यावर टाकला आणि गावभर फिरून आले. "आमच्या ब्वारीनं पिकवला," ते ज्याला त्याला सांगत होते. ब्वारी म्हणजे सून. गोपुली त्या दिवशी भांडी जरा जास्तच आपटत होती.

मग तो भादो, म्हणजे भाद्रपद महिना आला.

मिरचीची रोपे दुपारी माना टाकू लागली. जसुलीला वाटले, तहानली असतील. तिने ओढ्यावरून पाणी आणून घातले. संध्याकाळपर्यंत ती आणखी वाळली. तिने एक रोप धरून हलवले, तर ते राखेत खोचलेली काडी निघावी तसे अलगद हातात आले. त्याला मुळेच नव्हती.

"खण रे," ती मला म्हणाली.

मी खणले. खाली पांढरा, जाडजूड, डोके तांबूस आणि अंग कोयरीसारखे वळलेला किडा निवांत पडला होता. त्याच्या शेजारी आणखी एक होता आणि त्याच्या खाली आणखी. डोंगरात त्याला कुरमुला म्हणतात. तुमच्याकडचे शेतकरी हुमणी म्हणतात ती हीच. हा भुंग्याचा पोरवडा असतो. भुंगा वर पाने खातो, त्याची पोरे खाली मुळे खातात. बटाटा खणावा तर आतून पोखरलेला. त्या वर्षी वरल्या पायरीतून हाती आले ते जेमतेम एका सुपात मावले.

खालच्या शेतांतही कुरमुला होताच, पण थोडा. गोपुलीला बोलायला तेवढे पुरले.

"हे हिच्या शेणानं आणलंय," ती अंगणात उभी राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असे म्हणाली. "रोज सकाळी मुकुट चढवल्यासारखी पाटी डोक्यावर घेते आणि निघते. शेणाची राणी! घे आता, प्रजा आली तुझी."

आजूबाजूच्या बायका हसल्या. जसुलीने खाली मान घालून मला धुतले. माझ्यावर तिच्या डोळ्यांतले पाणी पडले, की हंड्यातले, ते मला कळले नाही.

दीवानसिंह वाईट माणूस नव्हता. त्याची पाठ दुखायची, दोन मुलींना शहरातल्या शाळेत घालायची त्याची इच्छा होती, आणि शेतीवरचा त्याचा जीव उडत चालला होता. त्याने बाजारातून एका दुकानदाराकडून पावडर आणली. नाकाला फडके बांधून त्याने ती सगळ्या शेतांत टाकली, वरल्या पायरीवरही. चार दिवसांत कुरमुले मेले. सगळा गाव बघायला आला. गोपुलीने चहा केला.

पण मित्रांनो, मातीत मी असतो. वरून बघणाऱ्याला जे दिसत नाही ते मला पात्याला लागते. कुरमुल्यांबरोबर गांडुळेही मेली होती. पूर्वी मी खाली गेलो की मातीत हजार बारीक वाटा लागायच्या, त्यांतून हवा यायची, पाणी जायचे. आता माती दाबलेल्या विटेसारखी झाली. ओढ्याच्या काठचे बेडूक दिसेनासे झाले. सिटौले, म्हणजे साळुंक्या, माझ्या मागे मागे किडे टिपत फिरायच्या, त्याही यायच्या थांबल्या. आणि पुढच्या भादोत कुरमुला मात्र परत आला, आधीपेक्षा जास्त. आता त्याला खाणारे कोणी उरले नव्हते. दीवानसिंहाने पुन्हा पावडर टाकली, या वेळी दुप्पट.

त्याच आठवड्यात दावे सुटून भूरी पावडर पडलेल्या बांधावर चरून आली. सकाळी ती गोठ्यात पाय ताणून पडली होती, तोंडाला फेस होता. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत ती गेली. गोपुलीने तिला रेडकू असल्यापासून वाढवले होते. ती भूरीच्या गळ्यात हात टाकून अशी रडली की दीवानसिंह दारातून आत आलाच नाही, बाहेरच भिंतीला टेकून बसला. घरात कितीतरी दिवस कोणी चहात दूध मागितले नाही.

त्यानंतर जसुलीने ठरवले की वरल्या पायरीवर ती पावडर पुन्हा पडू द्यायची नाही. पण हे दिराला सांगायचे कसे? त्या गावात भावजय थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. काही सांगायचे असेल तर जावेला सांगायचे आणि दिराने ते ऐकायचे. दोघे एकाच ओसरीवर असले तरी तसेच.

"दीदी," जसुली गोपुलीला म्हणाली, "त्यांना सांगा, वरल्या पायरीत आता मी काही टाकू देणार नाही."

गोपुली नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "ती म्हणते टाकू देणार नाही."

"ऐकलं," दीवानसिंह म्हणाला. "मग तिला विचार, खाणार काय? कुरमुले तळून? हल्द्वानी शहरातला एक गृहस्थ घर बांधायला जागा बघतोय. वरल्या पायरीवरून बर्फाचे डोंगर दिसतात म्हणे. देऊन टाकू. नाहीतरी ती जागा मेलीच आहे."

"दीदी, सांगा, मेलेली नाही. आजारी आहे."

गोपुलीने हे सांगितलेच नाही. सौरज्यू हुक्का बाजूला ठेवून म्हणाले, "येता भादो आणि त्याच्या पुढचा भादो, एवढे दिवस शेत ब्वारीचं. तोवर कोणाला दाखवायचं नाही. त्यानंतर दीवान, तू म्हणशील तसं."

आता सांगतो ती गोष्ट माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी. दसऱ्यानंतर घरात नवी म्हैस आली. जसुली गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगाकडे मला घेऊन गेली. पाटी भरायची होती. तिने नेहमीसारखा वरचा थर ओढायच्या ऐवजी ढिगाच्या पोटात मला घातले आणि मी आत शिरताच काहीतरी मऊ लागले. तिने उकरले. ढिगाच्या उबेत कुरमुलेच कुरमुले होते. तांदळाएवढे होते, अंगठ्याएवढे होते, सासरी आलेल्या जावयासारखे पसरलेले होते.

जसुली तिथेच उकिडवी बसली. भुंग्याला अंडी घालायला कच्च्या, ताज्या शेणाइतके गोड घर दुसरे नाही. आणि ती इतकी वर्षे रोज सकाळी ते घर अंडी-पिल्लांसकट उचलून, स्वतःच्या डोक्यावरून, चढ चढून, मिरच्यांच्या मुळाशी नेऊन ठेवत होती.

दुसरे कोणी असते तर ढीग पुन्हा झाकला असता. कोणाला कळणार होते? पण जसुली उठली, मला हातात घेऊन सरळ स्वयंपाकघराच्या दारात गेली. गोपुली मडुव्याची, म्हणजे नाचणीची भाकरी थापत होती.

"दीदी, तुम्ही खरं बोलला होतात."

"कधी? मी रोजच खरं बोलते."

"शेणानंच आणलं. माझ्याच शेणानं. चला, दाखवते."

गोपुली पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिने ढीग पाहिला आणि जसुलीकडे पाहिले. पिठाचे हात तिने तसेच कपाळाला लावले.

"अगं बये," ती म्हणाली, "मी तर नुसतं टोचायला म्हणाले होते गं!"

आणि मग कोण आधी हसले ते मला सांगता येणार नाही. दोघी त्या ढिगाशेजारी पोट धरून हसल्या. हसता हसता गोपुलीला भूरी आठवली आणि ती पदराने डोळे पुसू लागली. जसुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला. "शेणाच्या राणीला एक दासी पाहिजे का?" गोपुली नाक ओढत म्हणाली.

त्या दिवसापासून वरल्या पायरीला चार हात मिळाले.

गोपुलीने कोंबड्या पाळल्या होत्या. सौरज्यूंना त्या आवडत नसत. कोंबडी अंगणात आली की ते आपला चहाचा पेला उचलून आत जात. आता त्या कोंबड्यांना मानाचे काम मिळाले. आम्ही ढीग थोडा थोडा उकरून पसरायचो आणि कोंबड्या कुरमुले टिपायच्या. मग तेच शेण खड्ड्यात घालायचे, त्यावर बांजच्या, म्हणजे ओकच्या, जंगलातला पालापाचोळा, त्यावर मातीचा थर, त्यावर पुन्हा शेण. वरून सगळे नीट झाकायचे, म्हणजे भुंग्याला आत शिरता येत नाही. अधूनमधून मी ते खालवर करायचो. आत इतकी ऊब असायची की माझे पाते गरम होऊन निघे. हळूहळू शेणाचे शेणपण गेले. ते काळे, भुसभुशीत झाले आणि त्याला जंगलातल्या जमिनीसारखा वास येऊ लागला. जसुली मूठभर घेऊन नाकाशी धरायची. "अजून नाही," म्हणायची. पुन्हा काही आठवड्यांनी, "अजून नाही." आणि एक दिवस तिने वास घेतला आणि नुसतीच गोपुलीच्या नाकाशी मूठ धरली. गोपुली म्हणाली, "खाऊन टाकावंसं वाटतंय की!"

हिवाळा सरता सरता कुरमुला खोलातून वर येऊ लागतो. आम्ही तेव्हाच वरली पायरी खणून ठेवली, ढेकळे उलटी केली. पहिल्या दिवशी एकच सिटौला आला. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिले, एक टिपला आणि उडून गेला. दुसऱ्या दिवशी तो आपले सगळे गणगोत घेऊन आला.

जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिन्यात दोन सरी पडल्या की जमिनीतून भुंगे निघतात आणि दिवेलागणीला अक्रोडाच्या झाडावर जमतात. पोटभर पाने खायची, मग जमिनीत शिरून अंडी घालायची, हा त्यांचा बेत. गोपुलीने आळीतल्या सगळ्या बायकांना हाका मारल्या. झाडाखाली जुनी लुगडी अंथरली, बादल्यांत साबणाचे पाणी ठेवले आणि काठ्यांनी फांद्या हलवायला सुरुवात केली. टपटप टपटप भुंगे पडू लागले.

"माझ्या सासूच्या नावानं एक!" कोणी ओरडली.

"माझ्या नवऱ्याच्या नावानं हे दोन! सुट्टीला येतो म्हणतो आणि येत नाही!"

"जसुली, तुझा कोणाच्या नावानं?"

"माझा पाटीच्या नावानं," जसुली म्हणाली, आणि सगळ्याजणी खिदळल्या. मी बांधावर पडून पाहत होतो. ज्या बायका तिला हसल्या होत्या, त्याच आता तिच्याबरोबर हसत होत्या.

तरीही, मित्रांनो, खोटे सांगत नाही, पहिल्या भादोत निम्मेच पीक हाती आले. पावडरीने मारलेली माती एका हिवाळ्यात उठून बसत नाही. दीवानसिंह बर्फाच्या डोंगरांकडे बघून खाकरला. त्या रात्री जसुली जेवली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिने मला खुंटीवरून काढले. "चल. एवढा एक दगड," ती म्हणाली, आणि तिथे तर कुठला दगड नव्हता.

त्याच सुमारास खणताना मला एक विचित्र कुरमुला लागला. तो मेलेला होता, पण सडलेला नव्हता. खडूसारखा कडक झालेला आणि अंगावर हिरवी साय धरलेला. जसुलीने तो पानात गुंडाळून ठेवला. गावात शेती केंद्रातल्या एक बाई यायच्या, त्यांना दाखवला. त्या बाईंनी चष्मा वर केला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"कुठं सापडला हा? अहो, ही बुरशी आहे. कुरमुल्याचा आजार! एकाला झाला की मातीतून दुसऱ्याला होतो. माणसाला, गुराला काही करत नाही. ओलाव्याच्या, जिवंत मातीत ती तग धरते. आमच्याकडे ती वाढवतात, तांदळावर. मी आणून देते, तुमच्या त्या काळ्या खतात मिसळा. आणि हे बघा, ढिगातले सगळेच काही चोर नसतात. काही नुसते शेण खाणारे असतात बिचारे. पण ते निवडत बसायला नको, कोंबड्या आहेतच."

"म्हणजे माती स्वतःच औषध करते?" जसुलीने विचारले.

"मातीला जिवंत ठेवलं तर," बाई म्हणाल्या. "पण धीर धरावा लागतो हं. पावडरीसारखं चार दिवसांत नाही."

"धीराचं मला सांगू नका," गोपुली मध्येच म्हणाली. "मी हिच्याबरोबर राहते."

मग बुरशी आली, खतात मिसळली, वरल्या पायरीत गेली. मिरचीच्या ओळींमधे झेंडू आला, घेवडा मक्यावर चढला, जमीन कुठे उघडी राहिली नाही. मी खाली गेलो की काय सांगू! पुन्हा बारीक वाटा लागू लागल्या. एक दिवस एक लांबलचक गांडूळ माझ्या पात्याच्या कडेने वळसा घालून निघून गेले. मी क्षणभर हललो नाही. जसुलीनेही हात थांबवला होता.

दुसरा भादो आला. पीक अजून शेतात होते, तेवढ्यात दीवानसिंह हल्द्वानीच्या गृहस्थाला घेऊन वर आला. गृहस्थाच्या पायांत चकचकीत बूट होते आणि तो चढाने धापा टाकत होता. जसुली बांधावर उभी राहिली, डोक्यावरचा पदर पुढे ओढून. शेजारी गोपुली.

"अजून भादो संपला नाही," जसुली हळूच म्हणाली. "दीदी, त्यांना सांगा."

दीवानसिंहाने ऐकले. त्याने बांधावर ठेवलेल्या मला उचलले. "कुरमुला गेला का, ते बघूनच घेऊ," तो म्हणाला आणि खणू लागला. मी त्याच्या हातात वाकडाच चाललो, पण चाललो. तिसऱ्या घावाला एक कुरमुला वर आला, पांढरा, जिवंत.

"हे बघा! आहे की!"

जसुलीचा चेहरा उतरला. "दीदी, सांगा," ती घाईने म्हणाली, "सांगा की एखादा राहणारच. सांगा की..."

पण गोपुली काहीच सांगत नव्हती. तिने पदर कमरेला खोचला, मिरचीच्या ओळीत शिरली आणि एक रोप धरून नवऱ्याकडे वळली.

"ती काय म्हणते ते मी नाही सांगणार. आता मी म्हणते ते ऐका. इकडे या. उपटा हे."

"काय?"

"उपटा म्हणते ना! मागं काडीसारखं निघत होतं."

दीवानसिंहाने एका हाताने ओढले. रोप हलले नाही. त्याने दोन्ही हात लावले, पाठ कळवळली, तोंड लाल झाले. शेवटी रोप निघाले ते मातीचा भलामोठा गड्डा घेऊन. पांढऱ्या मुळांची दाट झालर लोंबत होती आणि गड्ड्यातून काळी माती भुरभुरत होती.

"एक कुरमुला आहे," गोपुली म्हणाली. "असू दे. माझ्या कोंबड्यांनाही काही लागतं. तुम्ही आणलेल्या पावडरीनं एकही राहिला नव्हता, आणि माझी भूरीही राहिली नाही. या बाईनं मला येऊन सांगितलं, दीदी, तुमचं खरं, चूक माझी. या घरात असं कोणी कधी कोणाला म्हटलंय? तुम्ही म्हटलंय? मी म्हटलंय?" मग ती त्या गृहस्थाकडे वळली. "आणि भाऊ, तुम्हाला घर बांधायचं ना? तो खालचा खडक बघा. डोंगर तिथूनही दिसतात, आणि तिथं आमचं काही उगवत नाही. चढून दमलात, काकडी खाता का?"

गृहस्थाने काकडी खाल्ली. मग दुसरी मागून घेतली. ती खाताना त्याने शेतीबद्दल बरेच प्रश्न विचारले आणि घराबद्दल एकही नाही.

दीवानसिंह अजून ते रोप हातात घेऊन उभा होता. त्याने मुळांतली माती चिमटीत घेतली, बोटांनी चुरली, नाकाशी नेली. मग खाली बसला, मला उचलले, खड्डा केला, रोप पुन्हा लावले आणि दोन्ही हातांनी माती दाबली.

"पाणी घाल म्हणावं याला," तो गोपुलीला म्हणाला. मग आयुष्यात पहिल्यांदा तो सरळ बांधाकडे बघून बोलला, "जसुली, पुढच्या वर्षी खालच्या शेतांना पण खत पुरेल का?"

जसुलीने पदराआडून उत्तर दिले, "पुरेल."

मित्रांनो, त्यानंतर पुष्कळ वर्षे गेली. दीवानसिंहाच्या मुली शहरात शिकायला गेल्याच, आणि सुट्टीत घरी येताना मैत्रिणींना वरल्या पायरीचे बटाटे बघायला घेऊन आल्या. कुरमुला रिठागैरमधून गेलेला नाही, आणि जायचाही नाही. तोही तिथलाच. पण आता त्याला टिपणारे पक्षी आहेत, आजारी पाडणारी बुरशी आहे, आणि तो चार मुळ्या खाऊन गेला तरी दहा नव्या फुटतील अशी माती आहे. कच्चे शेण डोक्यावर घेऊन जाणारी बाई मात्र त्या गावात तुम्हाला दिसणार नाही.

जसुलीचे खांदे आता दुखतात. शेत जसुलीच्या सुना बघतात आणि त्यांचे कुटले सरळ आहेत, म्हणून मी खुंटीला असतो. कधी कधी कोणी मला भंगारात द्यायचे म्हणते. मला त्याचे वाईट वाटत नाही. मी निम्मा झालो आहे, पण माझा उरलेला निम्मा हरवलेला नाही. तो कण कण झिजून वरल्या पायरीतच मिसळला आहे, काळ्या मातीत, गांडुळांच्या वाटांशेजारी.

तुमच्या अंगणात, गच्चीवर, निदान कुंडीत तरी थोडी माती असेल. एखादे रोप सुकले तर औषधाची डबी-बाटली शोधायला धावण्याआधी खाली बसा. बोटाने खणा. आत कोण राहते ते बघा, मूठभर माती हातात घेऊन वास घ्या. चांगला वास आला नाही, तर जसुलीसारखे म्हणा, "अजून नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खणायला या.